करपलेलं पातेलं, काळा कुकर, जाड झालेला तवा: कशाला काय लावायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोजागिरीचं मसाला दूध आटवताना तळाला लागलं. पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं, आणि सासूबाईंचं. तळाशी तळहाताएवढा काळा थर बसलाय. व्हिडिओ बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलंत, फेस भरपूर आला, थर मात्र जागचा हलला नाही. मग तारेची घासणी घेतलीत, तर मनगट दुखलं आणि भांड्याला चरे पडले. शिवाय घरचा ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा आहे आणि लोखंडी तव्याच्या कडेला पुटं चढलीत, त्यांचंही काय करायचं ते सांगा.

सांगते. साताऱ्यात माझी मेस आहे, सणासुदीला बासुंदी-श्रीखंडाच्या आणि लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी असतात. दूध लागणं, पाक जळणं, खिचडी बुडाला बसणं हे आमच्याकडे चालूच असतं. एवढ्या भांड्यांना जोर लावत बसलं तर माणसं टिकायची नाहीत. त्यामुळे आमच्याकडची पद्धत अशी, की भांडं घासायला घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. भांडं कशाचं आहे, आणि काळं कशाचं आहे. एवढं कळलं की नव्वद टक्के काम पाणी, उष्णता आणि वेळ करतात. घासणी शेवटी, आणि तीही हलक्या हाताने.

आधी पातेलं, कारण ते अडकलंय.

दुधात प्रथिनं असतात, साखर असते (दुधाची स्वतःची, शिवाय तुम्ही घातलेली) आणि स्निग्धांश असतो. दूध तापू लागलं की काही प्रथिनं गोठून तळाला चिकटतात. त्यांच्यावरून दूध ढवळलं जातं, पण ती तिथेच राहतात, तापत राहतात, साखरेसोबत तपकिरी होतात आणि मग कोळसा होतात. म्हणजे तुमच्या तळाशी एकच थर नाही. सगळ्यात खाली, धातूला टेकून, पक्का कोळसा आहे. वर करपलेली साय आणि साखर आहे. कोळसा कशातच विरघळत नाही, ना सोड्यात, ना लिंबात, ना बाजारातल्या कुठल्या पावडरीत. विरघळतं किंवा फुगतं ते त्याला धरून ठेवणारं प्रथिन आणि चरबी. ती सैल पडली की कोळसा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून सगळी मेहनत त्या चिकटवणाऱ्या भागावर घ्यायची असते.

त्यासाठी लागतो अल्क, म्हणजे सोडा. प्रथिनं अल्कात फुगतात आणि तुटतात, चरबीचा काही भाग साबणासारखा होतो. चुलीवरची भांडी आपल्या आज्या राखेनेच घासायच्या, त्याचं कारण हेच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, तो अल्कच. कोकणात त्याच राखेसोबत नारळाचं सोडण हातात असायचं. सोडणाने खरवडायचं, राखेने सोडवायचं.

व्हिनेगर हे आम्ल. सोड्यात ते ओतलं की दोघं एकमेकांना मारून टाकतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. फेसाच्या बुडबुड्यांनी एखादा सैल कण उचलला जाईल तेवढाच. व्हिडिओत ते छान दिसतं म्हणून चालतं. सोडा आणि आंबट दोन्ही कामाचे आहेत, पण वेगवेगळ्या कामांचे आणि वेगवेगळ्या वेळी.

आता प्रत्यक्ष कृती. पातेल्यात थर बुडून वर दोन बोटं येईल एवढं पाणी घ्या. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा. पाणी गरम झाल्यावर सोडा थोडा थोडा घाला, एकदम घातलात तर उतू येईल. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. उकळताना खायच्या सोड्यातला वायू निघून जातो आणि त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो, म्हणजे तो जास्त जहाल होतो. म्हणूनच थंड पाण्यात सोडा शिंपडून ठेवण्यापेक्षा उकळण्याचा उपयोग कितीतरी जास्त. उकळत असतानाच लाकडी उलथन्याने किंवा पळीच्या सपाट टोकाने तळ हलकेच ढकलून बघा. कडेने पापुद्रे उचलायला लागतील. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पाणी ओता, पुन्हा लाकडी उलथनं चालवा, मग काथ्याची किंवा हिरवी घासणी.

पहिल्या फेरीत सगळं निघेलच असं नाही. करपलेलं जितकं जुनं, तितका थर कडक. दुसऱ्या फेरीला मी खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घेते, लिटरला एक मोठा चमचा. किराणा दुकानात वॉशिंग सोडा म्हणून मिळतो आणि स्वस्त असतो. हातात रबरी मोजे घाला, नखांभोवतीची कातडी तो सोलून काढतो. डोळ्यांत उडू देऊ नका.

त्यानेही काही चिकट राहिलं तर तिसरा उपाय: डिशवॉशरची पावडर. त्यात सोड्याबरोबर प्रथिनं आणि पिष्ट तोडणारी एन्झाइम असतात, दुधाच्या आणि भाताच्या थरांवर ती मुद्दाम काम करतात. इथे मात्र पाणी उकळतं नको, हाताला सोसेल एवढं कोमट हवं. उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतात. चमचाभर पावडर, कोमट पाणी, रात्रभर. सकाळी दोन-तीन पाण्यांनी नीट धुऊन घ्या.

एवढ्यावरही दोन-चार ठिपके राहिले तर सोड्याची घट्टसर पेस्ट करून त्या ठिपक्यांवर बोटाने चोळा. खायच्या सोड्याचे कण स्टीलपेक्षा मऊ असतात, चरे पडत नाहीत.

अजून एक जुनी युक्ती आहे, ती दुधापेक्षा भाताला आणि खिचडीला जास्त लागू पडते. भांड्यातलं सुटेल तेवढं काढून, पाणी न घालता, दिवसभर कडक उन्हात पालथं न घालता उघडं ठेवायचं. पिष्टाचा थर सुकताना आकसतो, त्याला भेगा जातात आणि कडा वर वळतात. संध्याकाळी बोटाने सुद्धा मोठे तुकडे निघतात. ऑक्टोबरचं ऊन यासाठी उत्तम. भिजवून लगदा झालेल्या भातापेक्षा हे काम स्वच्छ होतं, आणि मोरीही तुंबत नाही.

सगळं निघाल्यावर पातेल्याच्या तळाला निळसर-जांभळी-सोनेरी झाक दिसेल किंवा पांढरे डाग दिसतील. घाबरू नका, हा मळ नाही. झाक म्हणजे जास्त तापल्यामुळे स्टीलवरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा थोडा जाड झालेला असतो. पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. आता इथे आंबटाची पाळी. अर्धी वाटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, किंवा पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, कोमट करून फिरवा आणि पाच मिनिटांनी धुवा. तुमच्या व्हिडिओतल्या व्हिनेगरची खरी जागा ही.

चरे मात्र जाणार नाहीत. त्याने भांडं बाद होत नाही, फक्त पुढच्या वेळी दूध त्या चऱ्यांत थोडं लवकर धरेल. सासूबाईंना दिसणारच आहेत तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं. तारेच्या घासणीबद्दल माझं मत कडक आहे. आमच्या मेसमध्ये ती आणूच देत नाही, चऱ्यांमुळे तर आहेच, पण तिची तुटलेली बारीक तार भाजीत गेली तर ज्याच्या घशात जाते त्याला विचारा.

आणि एक, भांडं करपल्याचं लक्षात येताच आपण पहिलं काय करतो? नळाखाली धरतो. चर्र आवाज येतो आणि बरं वाटतं. ते करू नका. जाड बुडाच्या पातेल्यात स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं, दोन्ही धातू कमी-जास्त प्रमाणात आकसतात. एकदम गार पाणी पडलं की तळ वाकतो, कधी थर सुटतात. मग शेगडीवर भांडं डुगडुगतं, इंडक्शनवर तर नीट तापतच नाही. आच बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग गरम पाणी घाला. वाळू द्यायचंच नाही असाही नियम नाही, पण दूध असेल तर ओलं असतानाच भिजत घातलं तर अर्धं काम होतं.

करपलेल्या प्रत्येक पदार्थाला इतकी उस्तवारी लागत नाही. पाक किंवा गूळ जळला असेल तर सोडासुद्धा नको. जळकी साखर पार कोळसा झाली नसेल तर साध्या उकळत्या पाण्यात विरघळते. भांडं भरून पाणी उकळा, तेवढ्यात निघतं. चिक्की करणाऱ्यांच्या कढया रोज अशाच धुतात. आमटी, डाळ, पिठलं लागलं असेल तर खायच्या सोड्याची एक फेरी पुरते.

सगळ्यात चिवट काळं असतं बाहेरच्या बाजूला. कढईच्या पाठीवर, फ्रायपॅनच्या कडेला जो तपकिरी-काळा, गुळगुळीत, वार्निशसारखा थर दिसतो, तो तेलाचा. ओघळलेलं तेल वारंवार तापून त्याचा अक्षरशः रंग बनतो, तेलरंग वाळतो तसा. साबणाने त्याला काही होत नाही. स्टीलच्या भांड्याला धुण्याच्या सोड्याची ओली पेस्ट जाड लावा, भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा म्हणजे पेस्ट सुकणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी घासा. एवढं मोठं पातेलं किंवा बादली असेल की ज्यात आख्खी कढई बुडेल, तर सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवणं याहून चांगलं. दोन-तीन वेळा करावं लागेल. खरं सांगायचं तर बाहेरचा हा थर काढावाच असा माझा आग्रह नसतो. जेवणाशी त्याचा संबंध नाही. पाहुण्यांसमोर ठेवायचं भांडं असेल तर काढा, नाहीतर तेवढा वेळ दुसऱ्या कामाला द्या.

पण बाहेर भुकटीसारखी काजळी येत असेल, बोटाला लागत असेल, तर ते भांड्याचं दुखणं नाहीच, शेगडीचं आहे. गॅसची ज्योत निळी असते तेव्हा काजळी धरत नाही. पिवळी झाली म्हणजे हवा कमी पडतेय आणि गॅस अर्धवट जळतोय. बर्नरची टोपी काढून भोकं टाचणीने साफ करा, खालची हवेची जागा बुजली आहे का बघा. पाइपच्या गॅसवरून सिलिंडरवर आलेल्या घरांत आणखी एक कारण असतं. पाइपच्या गॅसचे जेट मोठ्या भोकाचे असतात, तेच ठेवून सिलिंडर जोडला की ज्योत पिवळी, भडक आणि भांडी काळी. जेट बदलून घ्यावे लागतात, आणि ते काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यायचं, घरी खटाटोप नको. हे न करता रोज भांड्याचं बूड घासत बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

चुलीवर काजळी टळत नाही. लग्नाच्या जेवणाला आम्ही मोठी पातेली लाकडावर चढवतो तेव्हा आधी बाहेरून ओल्या मातीचा पातळ हात फिरवतो, थोडी राख मिसळून. नंतर पाणी मारलं की मातीसकट काजळी उतरते. ट्रेकला जाणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. माती नसेल तर भांडी घासायचा साबण बाहेरून ओला चोळला तरी चालतो.

आता कुकर. इथे आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं उलटं करायचं.

ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही. धुण्याचा सोडा तर धातूच खातो, कॉस्टिक सोडा तर फसफसून हायड्रोजन वायू सोडत खातो. खायचा सोडा घालून उकळलंत तर भांडं आणखी काळं पडतं. किती जणींनी चकचकीत करायला म्हणून सोडा उकळला आणि कुकर कोळशाच्या रंगाचा झाला, ही तक्रार माझ्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईला येते.

तुमच्या कुकरचा आतला काळेपणा करपल्याचा नाहीच. पाण्यात क्षार असले की उकळताना ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर बदलतो आणि करडा-काळा होतो. डब्यांखालचं पाणी जिथवर येतं तिथवर रेघ आखल्यासारखा काळा पट्टा दिसतो, त्यावरून ओळखायचं. याला आंबट हवं. काळ्या रेघेच्या वर येईल एवढं पाणी, लिंबाएवढी चिंच (किंवा पिळून झालेल्या लिंबाच्या चार-पाच फोडी, फेकायच्याच असतात त्या), आणि झाकण न लावता पंधरा मिनिटं उकळी. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते हा थर सोडवतं. गार झाल्यावर साध्या घासणीने हात फिरवला की पांढरा होतो. आमसुलंही चालतात, पण आता त्यांचा भाव बघता कुकरात घालवत नाही.

पुन्हा काळा पडू नये म्हणून डबे ठेवायच्या आधी तळातल्या पाण्यात चिंचेचं बोटूक किंवा लिंबाची एक फोड टाकायची. बऱ्याच घरांत हे करतातच. आणि काळा राहिला म्हणून भात-वरणाला काही होत नाही, ते डब्यात असतं. थेट कुकरात टोमॅटोची किंवा चिंचगुळाची आमटी केलीत तर मात्र भांडं आपोआप पांढरं होईल, कारण ते काळं आमटीत उतरलेलं असेल. म्हणून आंबट पदार्थ तिथे नको.

कुकरात खरंच काही करपलं असेल, डाळ बुडाला बसली असेल, तर साधं पाणी आणि भांड्याचं लिक्विड घालून उकळा, रात्रभर ठेवा, लाकडी उलथन्याने काढा. धीर हाच उपाय. उरलेली काळी झाक चिंचेने घालवा. आणि कुठलंही साफसफाईचं मिश्रण कुकरात असताना झाकण लावून शिट्टी कधीच काढायची नाही. फेस शिट्टीच्या नळीत शिरून ती बुजते.

पाणी संपून कुकर कोरडा तापला असेल तर काळं राहू दे बाजूला, आधी तीन गोष्टी बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह: त्यातला धातू कमी तापमानाला वितळावा असाच बनवलेला असतो, तो गेला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवायचा, बाजारातला कुठलाही नाही. रबरी रिंग: कडक झाली, चिरली तर बदला. आणि तळ: सपाट फरशीवर ठेवून बघा. फुगला असेल, डुगडुगत असेल तर तो कुकर भाजी ठेवायला वापरा नाहीतर मोडीत घाला. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, कोरड्या कुकराखाली मोठा गॅस बराच वेळ राहिला तर बूड मऊ पडून आकार बदलतो. वाकलेल्या भांड्यात दाब धरणं धोक्याचं आहे, तिथे काटकसर नको. नवा घेताना आयएसआयची खूण बघा, घरगुती कुकरचं भारतीय मानक आयएस २३४७ आहे आणि तो क्रमांक कुकरवर छापलेला असतो.

घरात हार्ड ॲनोडाइज्ड कढई असेल, ती गडद करडी असते, तर तो रंग म्हणजे मळ समजून घासू नका. तो मुद्दाम चढवलेला कडक ऑक्साइड आहे. तिला ना सोडा, ना डिशवॉशर, ना तार.

तवा. सगळ्यांत गैरसमज इथे आहेत. लोखंडी आणि बिडाच्या तव्याचं काळं हेच त्याचं भांडवल. तेल तापून जो पातळ, काळा, घट्ट थर बसतो त्यामुळे तवा गंजत नाही आणि घावन-डोसा चिकटत नाही. कढईच्या पाठीवरचं जे वार्निश आपण शिव्या देत काढतो, तेच इथे पातळ आणि एकसारखं असलं की हवंहवंसं. त्यामुळे तवा चकचकीत करणं हा तव्याचा अपमान आहे. तुमच्या कडेची पुटं ही वेगळी गोष्ट. ती जाड, खडबडीत, ठिकठिकाणी सुटणारी असतात, त्यांचे कपचे भाकरीला लागतात. ती काढायला हवीत.

घरी गॅसवर करायचं तर तवा मध्यम आचेवर चांगला तापवा, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. धूर येईल. पुटं कोरडी, ठिसूळ होतात. सांडशीने धरून लोखंडी उलथन्याच्या धारेने कडा खरवडा. एका वेळी निघेल तेवढं काढा. गावाकडे चूल असेल तर सोपं: तवा निखाऱ्यांत पालथा टाकायचा आणि आर विझेपर्यंत विसरायचा. सकाळी पुटं राखेसारखी झडतात. फक्त लाल झालेल्या तव्यावर पाणी मारायचं नाही. बीड असेल तर तडकतं, पत्र्याचा असेल तर वाकतो.

लोखंडाला सोडा चालतो, आंबट चालत नाही. ॲल्युमिनियमच्या नेमकं उलट. त्यामुळे हट्टी पुटांसाठी तवा सोड्याच्या गरम पाण्यात तासभर बुडवला तरी लोखंडाला धक्का लागत नाही. तेलाचा चांगला थरही निघेल, एवढी तयारी ठेवा. लिंबू-मीठ लावून तवा घासायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या, घासल्यावर अर्ध्या तासात नारिंगी गंज दिसेल.

पुटं निघाल्यावर धुवा, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात, इतका पातळ की तेल लावलंय की पुसलंय कळू नये. जवसाचं असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं. धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, गार करा, पुन्हा हात. असं तीन-चारदा. जाड थर लावलात तर चिकट होतो आणि पुन्हा पुटं धरतात. पहिले काही दिवस त्यावर टोमॅटो, चिंच नको, अर्ध्या कांद्याला तेल लावून तव्यावर फिरवत राहा.

पितळ-तांब्याचं तुम्ही विचारलं नाही, पण सासूबाईंच्या घरात असणार म्हणून दोन शब्द. बाहेरून चिंच-मीठ, आमसूल किंवा पितांबरी, जे हाताशी असेल ते. आतून कल्हई असेल तर हात आवरा. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, कथील २३२ अंशालाच वितळतं आणि फार मऊ असतं. कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर विसरलं की आत चंदेरी थेंब गोळा झालेले दिसतात, ते तेच. आत काही करपलं तर कोमट पाण्यात भिजवून मऊ फडक्याने जेवढं निघेल तेवढं, बाकी कल्हईवाल्याकडे. तो भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने आतून नवं कथील फिरवतो, करपलेलं त्याआधीच साफ करतो. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, कढी, आमटी ठेवायची नाही.

नॉनस्टिकचं लवकर संपवते. तपकिरी तेलकट थर असेल तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पाच मिनिटं उकळा आणि स्पंजने पुसा. थर खरवडला गेला असेल, सोलत असेल तर तो पॅन ठेवू नका. आणि रिकामा नॉनस्टिक मोठ्या आचेवर विसरू नका. साधारण २६० अंशांच्या पुढे तो लेप बिघडायला लागतो आणि फार तापला तर निघणाऱ्या वायूने पिंजऱ्यातले पोपट-चिमण्या मरतात. घरात पक्षी असतील तर हे मनावर घ्या.

काही गोष्टी कुठल्याच भांड्याला लावू नका. संडास साफ करायचं ॲसिड: ते स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा खातं आणि खड्डे पाडतं. ब्लीच: तेही स्टीलला खड्डे पाडतं, आणि चुकून ॲसिडबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू होतो, मोरीत गुदमरायची वेळ येते. कॉस्टिक सोड्याने मोठ्या भट्ट्या साफ करतात हे खरं, पण ते काम मोजे-चष्मा घालून करणाऱ्यांचं. घरच्या पातेल्यासाठी त्याची गरजच पडत नाही. कांद्याची सालं उकळा, कोल्ड्रिंक ओता, केचप चोळा, असले उपाय येत राहतात. केचप आणि कोल्ड्रिंक आंबट असतात म्हणून तांब्याला थोडीफार चमक देतात, करपलेल्या दुधाला त्यांचा उपयोग नाही. कांद्याच्या सालांत जे काम होतं ते बहुतेक उकळत्या पाण्याचं.

भांडं कोणत्या धातूचं हे कळत नसेल तर लोहचुंबक लावा आणि हातात उचलून वजन बघा. हलकं, मऊ चमकेचं आणि चुंबक न धरणारं ते ॲल्युमिनियम. चुंबक घट्ट धरतो आणि रंग काळा ते लोखंड. चांगलं स्टील बहुतेक वेळा चुंबक धरत नाही, पण इंडक्शनच्या भांड्याचं बूड धरतं, त्यावरून गोंधळू नका.

शेवटची गोष्ट घरकामाला येणाऱ्या मावशींची. करपलेलं भांडं तसंच मोरीत टाकून ‘घासून घ्या’ म्हणायचं नाही. त्यांच्याकडे दहा मिनिटं असतात आणि हाती तारच असते. मग तार चालते, चरे पडतात, बोल त्यांनाच. सोडा उकळून रात्रभर ठेवण्याचं काम आपण करायचं, सकाळी त्यांना सुटलेला थर फक्त काढायला उरला पाहिजे.

तुमचं पातेलं आज रात्री सोड्यात उकळून ठेवा. दोन फेऱ्यांत बहुतेक निघेल. तळाशी बारीक काळे ठिपके राहिले आणि बोट फिरवल्यावर हाताला काही लागत नसेल, तर तिथे थांबा आणि पातेलं वापरायला घ्या. पुढच्या दोन-चार वेळच्या भाजी-आमटीत ते उरलेले ठिपकेही सैल होतात. दूध मात्र त्यात एवढ्यात आटवू नका. आणि आटवाल तेव्हा आधी पातेलं गार पाण्याने विसळून, पाणी न पुसता दूध ओता, आच मंद ठेवा आणि उलथनं कडेने नाही तर तळावरून फिरवा.